तपासणीत सुटलेला आजार : कोर्टाची पायरी न चढता दाद कशी मागायची?

एका मुलीने विचारलं आहे : आईचं वय ५८. नेमाने मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी, केली आणि ‘दोष आढळला नाही’ असं पत्र आलं. सोळा महिन्यांनी आईच्या हाताला स्तनात गाठ लागली, तोवर कर्करोग काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचला होता. तपासणी केंद्राने जुन्या फिल्म पुन्हा पाहिल्या आणि एका ओळीचं उत्तर दिलं, ‘आजार माहीत असताना पाहिलं तर सूक्ष्म बदल जाणवतो.’ आई म्हणते, मला कोर्टात उभं राहायचं नाही, पण हे असंच सोडायचंही नाही. कोर्टाशिवाय मार्ग आहे का? आणि तो धरला तर आपण हक्क सोडल्यासारखं होतं का?

मार्ग आहेत, आणि एकाहून जास्त आहेत. हक्कही सुटत नाही, पण त्यासाठी मुदत आणि सही या दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून सांभाळाव्या लागतात. त्यांच्याकडे येतेच. आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे माझं बोलणं कशावर उभं आहे ते कळेल. नऊ वर्षं मी प्रयोगशाळेत पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखावरून घेतलेल्या पेशींचे नमुने, वाचत होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून ‘नॉर्मल’ की ‘संशयास्पद’ हे लिहिणं हेच रोजचं काम. गेली सतरा वर्षं रुग्ण आणि आरोग्यसंस्था यांच्या वादांत मध्यस्थ म्हणून बसते.

तुम्हाला आलेली ती एक ओळ मी तीन-चारदा वाचली. ती खोटी नाही, पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होऊ नये. ज्या स्लाइडवाल्या बाईला पुढे कर्करोग निघाला हे आधीच सांगितलेलं असतं, त्या स्लाइडवरची काळपट, वेडीवाकडी केंद्रकं आपोआप डोळ्यांत भरतात. तीच स्लाइड दिवसभराच्या ढिगात, पंचेचाळिसाव्या क्रमांकावर हाताखाली आली असती तर? हे मी स्वतः अनुभवलं आहे. एकदा सुटलेल्या स्लाइडची फेरतपासणी करताना मला पहिल्याच मिनिटात ती पेशी दिसली आणि मूळ वाचणाऱ्या बाईंचा मला राग आला. आठवड्याने आमच्या प्रमुखांनी तसलीच दुसरी एक स्लाइड काही न सांगता माझ्या ट्रेमध्ये सरकवून ठेवली होती. ती माझ्याकडून सुटली. मॅमोग्राफीच्या फिल्मचंही तसंच आहे.

म्हणून केंद्राने घरातल्या घरात केलेल्या फेरतपासणीवर थांबू नका, ती तुमच्या बाजूने असो वा विरुद्ध. मागणी अशी करा : आईंच्या त्या वेळच्या फिल्म इतर अनेक स्त्रियांच्या फिल्ममध्ये मिसळाव्यात, त्यांतल्या बहुतेक खरोखर निर्दोष असाव्यात, आणि बाहेरच्या दोन अनुभवी वाचकांनी निकाल माहीत नसताना त्या वाचाव्यात. दोघांनीही आईंना पुढच्या तपासणीसाठी बोलवायला हवं होतं असं म्हटलं, तर तुमची बाजू भक्कम झाली. दोघांनीही ‘नॉर्मल’ म्हटलं, तर तेही स्वीकारायची तयारी ठेवा. मॅमोग्राफीत स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे ८ पैकी १ सुटतो आणि स्तनाच्या ऊती दाट असतील तर सुटण्याची शक्यता वाढते. तपासणी ही चाळण आहे. काही आजार कुणाचीही चूक नसताना त्यातून निसटतात. हे आईंना कुणीतरी नीट, शांतपणे सांगायला हवं, आणि ते समोरच्या पक्षाच्या वकिलाने सांगण्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं.

दुसरं, चूक नेमकी कुठे झाली हे वेगळं काढा. कधी बोलावणंच जात नाही. इंग्लंडमध्ये मे २०१८ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की वयाच्या सत्तरीच्या आसपासच्या ४,५०,००० पर्यंत स्त्रियांना स्तनतपासणीचं शेवटचं निमंत्रण गेलं नसावं. पुढे स्वतंत्र चौकशीत हा आकडा बराच खाली आला आणि गोंधळाचं मूळ सापडलं ते असं की निमंत्रण नेमकं कुठल्या वयापर्यंत द्यायचं याबद्दलच यंत्रणेत एकवाक्यता नव्हती. कधी नमुना अपुरा असतो आणि तरी त्यावर अहवाल दिला जातो. कधी अहवाल बरोबर असतो, पण पत्र जुन्या पत्त्यावर जातं किंवा ‘सहा महिन्यांनी पुन्हा या’ ही नोंद कुणी पाहतच नाही. आणि कधी, तुमच्यासारखं, वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतं. पहिल्या तीन प्रकारांत कागदच बोलतो, तज्ज्ञाची साक्ष फारशी लागत नाही, म्हणून कोर्टाबाहेर ते लवकर सुटतात. चौथा प्रकार अवघड. त्यात मत विरुद्ध मत उभं राहतं, म्हणून मघाची फेरतपासणी एवढ्या आग्रहाने सांगितली.

आता मार्गांकडे. कोर्टाबाहेरचा मार्ग म्हणजे आपोआप सोपा, असं लोक धरून चालतात आणि तिथेच फसतात. कुठलीही योजना समोर आली की तिला एकच गोष्ट विचारा : इथे मला ‘कोणाचा निष्काळजीपणा झाला’ हे सिद्ध करावं लागेल, की ‘हे टाळता आलं असतं’ एवढं दाखवणं पुरे? पहिलं असेल तर ते दार बंद केलेलं कोर्टच आहे.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण आयर्लंडचं. तिथे २००८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची राष्ट्रीय तपासणी सुरू झाली आणि बऱ्याच स्लाइड वाचायला अमेरिकेतल्या प्रयोगशाळांकडे जात. व्हिकी फेलन या बाईंची २०११ ची चाचणी नॉर्मल आली. २०१४ मध्ये त्यांना कर्करोग निघाला. त्यानंतर जुन्या स्लाइडची फेरतपासणी झाली, ती चुकीची वाचली गेल्याचं आढळलं, पण त्यांना हे कळलं २०१७ मध्ये. एप्रिल २०१८ मध्ये प्रयोगशाळेशी २५ लाख युरोंची तडजोड झाली, जबाबदारी कबूल न करता. फेलन यांच्यापुढे गप्प राहण्याची अट ठेवली गेली होती. त्यांनी त्यावर सही करायला नकार दिला आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून सगळं सांगितलं. त्यानंतर उघड झालं की अशाच २२१ स्त्रियांच्या जुन्या चाचण्या फेरतपासणीत वेगळ्या आल्या होत्या आणि बहुतेकींना कुणी सांगितलंच नव्हतं. फेलन नोव्हेंबर २०२२ मध्ये गेल्या. त्या वेळी त्यांनी सही केली असती तर त्या बाकीच्या बायकांना कधी आणि कसं कळलं असतं, हा विचार मी प्रत्येक तडजोडीच्या मसुद्यासमोर करते.

त्यानंतर तिथल्या सरकारने दोन वेगळ्या गोष्टी केल्या, आणि त्यांतला फरक तुमच्या कामाचा आहे. माहिती लपवली गेली याबद्दल एक सानुग्रह योजना आली : जिला सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, तिला २०,००० युरो, निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. स्लाइड चुकीची वाचली गेली याबद्दल मात्र २०१९ च्या कायद्याने खास न्यायाधिकरण नेमलं. न्यायमूर्ती चार्ल्स मीनन यांनी पर्यायी मार्ग सुचवताना हेतू चांगला धरला होता : आजारी बाईला कोर्टाचा जाच नको, सुनावणी खासगीत व्हावी. पण न्यायाधिकरणापुढेही निष्काळजीपणा तसाच सिद्ध करायचा होता, प्रयोगशाळा समोरच्या पक्षात तशाच उभ्या होत्या, आणि कर्करोग उलटला तर पुन्हा दाद मागता येईल का, हा स्त्रियांचा कळीचा प्रश्न त्यांचं समाधान होईल असा सुटला नाही. पीडितांच्या संघटनेने पाठिंबा काढून घेतला आणि २०२० च्या अखेरीस सुरू झालेल्या त्या न्यायाधिकरणाकडे मोजकेच दावे आले. बहुतेकींनी नेहमीचं कोर्टच पत्करलं. नाव बदललं, खोली बदलली, विचारायचा प्रश्न तोच राहिला, तर थकलेली माणसं नव्या दारात जात नाहीत.

त्याच कायद्यातला एक छोटा भाग मात्र मला मोलाचा वाटतो : विश्वास पुन्हा जुळवण्यासाठीच्या बैठका. त्रयस्थ माणूस मध्ये बसतो, बाई किंवा तिच्या घरचे बोलतात, यंत्रणेची माणसं ऐकतात आणि उत्तर देतात. पैशाचा विषय तिथे नसतो. असल्या बैठकीतून काय निष्पन्न होतं हे मी पाहिलं आहे, म्हणून तुमच्या केंद्राकडेही अशी बैठक मागा असं सांगेन, मग पुढे पैशाचा मार्ग कुठलाही निवडा.

दुसरं टोक न्यूझीलंडचं. तिथे १९७४ पासून अपघात-नुकसानभरपाईची सार्वजनिक योजना आहे. उपचारातून झालेल्या इजेची भरपाई तीतून मिळते आणि त्या बदल्यात साध्या भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क काढून घेतलेला आहे. २००५ पर्यंत तिथेही ‘वैद्यकीय चूक’ शोधावी लागे. त्या वर्षी ‘उपचारजन्य इजा’ ही संकल्पना आली आणि चूक कोणाची हा प्रश्न बाजूला पडला. निदान न होणं, उपचार वेळेत न मिळणं हेही त्यात बसतं. गिझबर्नमधल्या एका खासगी प्रयोगशाळेत एकट्याने काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने वर्षानुवर्षं स्मिअर कमी गंभीर ठरवल्याचं १९९० च्या दशकाच्या शेवटी उघडकीस आलं, तेव्हा वीस हजारांहून जास्त स्लाइड सिडनीत पुन्हा वाचल्या गेल्या आणि मंत्र्यांनी नेमलेल्या चौकशी समितीने २००१ मध्ये अहवाल दिला. तपासणी कार्यक्रमाचा कायदा २००४ मध्ये बदलला तो त्या चौकशीमुळे. बाईला हवं असतं ‘हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये’, आणि ते देण्याची ताकद चौकशीत असते. एकट्याच्या तडजोडीत ती क्वचितच असते.

स्वीडन आणि डेन्मार्कची रीत मला सर्वांत समंजस वाटते. स्वीडनमध्ये रुग्ण-विमा १९७५ मध्ये स्वेच्छेने सुरू झाला आणि १९९७ पासून कायद्याने आला. डेन्मार्कमध्ये १९९२ पासून आहे. तिथे विचारतात, त्याच परिस्थितीत त्या विषयातला अनुभवी तज्ज्ञ वेगळं वागला असता का? वागला असता, आणि त्याने इजा टळली असती, तर भरपाई. कोणत्याही डॉक्टरवर ठपका ठेवावा लागत नाही, म्हणून डॉक्टर स्वतःच रुग्णाला अर्ज भरायला मदत करतात. वाचणाऱ्याच्या मनातली भीती गेली की फिल्म कपाटातून लवकर बाहेर येते, हे मी प्रयोगशाळेच्या बाजूने सांगते.

मधले मार्गही आहेत. फ्रान्समध्ये मार्च २००२ च्या कायद्याने प्रादेशिक सलोखा आयोग आले : वकील सक्तीचा नाही, तज्ज्ञाचा अहवाल रुग्णाला फुकट, आयोगाने सहा महिन्यांत मत द्यायचं आणि दोष आढळला तर विमा कंपनीने चार महिन्यांत रक्कम देऊ करायची. मात्र इजा ठरावीक गंभीरतेची असावी लागते. वेल्समध्ये २०११ पासून तक्रारीची चौकशी आणि भरपाई एकाच कारवाईत होते. सुरुवातीला मर्यादा २५,००० पौंड होती, आणि त्यात दोन्ही बाजूंचा मिळून एकच तज्ज्ञ नेमतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाने २००१ पासून आपण होऊन चूक सांगायची, माफी मागायची आणि भरपाई देऊ करायची, अशी पद्धत धरली. त्यानंतर तिथले दावे घटले आणि निकाल लागायला लागणारा काळही कमी झाला.

आरोग्य लोकपाल असेल तर त्याच्याकडे जाणं हे कारभारातल्या चुकीसाठी फार उपयोगी : पत्र गेलं नाही, फाइल हरवली, तक्रारीला उत्तर दिलं नाही. फिल्म वाचण्यातल्या मतभेदासाठी तेवढं नाही, आणि रक्कमही सहसा लहान असते. डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार करण्याचा सल्ला तुम्हाला अनेकजण देतील. तिथे भरपाई नसते, एका माणसाच्या परवान्यावर गोष्ट येऊन थांबते, आणि त्या क्षणापासून तो माणूस तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचा बंद होतो. एकाच वाचकाकडून बऱ्याच चाचण्या चुकल्याचं दिसत असेल तर जरूर जा. एका सुटलेल्या फिल्मसाठी मी सुरुवात तिथून करणार नाही.

आता मध्यस्थी, जी बहुतेक ठिकाणी या ना त्या रूपात मिळते आणि तुमच्या आईंना मानवेल असं मला वाटतं. काही वर्षांपूर्वी एका बाईंच्या प्रकरणात आम्ही बसलो होतो. स्मिअर नॉर्मल म्हणून गेला होता, तीन वर्षांनी गर्भाशय काढावं लागलं. पहिले दोन तास दोन्ही बाजूंचे वकीलच बोलत होते. बाई आपल्या पिशवीतून एक पारदर्शक पाकीट काढून मांडीवर ठेवून बसल्या होत्या. आत ते ‘नॉर्मल’चं पत्र, घड्या पडून मऊ झालेलं. मग त्यांनी विचारलं, "मला ती स्लाइड बघायला मिळेल का?" कुणालाच हे अपेक्षित नव्हतं. प्रयोगशाळा त्याच इमारतीत होती. तिथे शिकवण्यासाठी वापरतात तो दोन माणसांना एकाच वेळी पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. एका बाजूला पॅथॉलॉजिस्ट बसले, दुसऱ्या बाजूला बाई. पॅथॉलॉजिस्टनी स्लाइड सरकवत नेली, एका ठिकाणी थांबवली आणि म्हणाले, "या. हा पुंजका. केंद्रकं मोठी आणि गडद आहेत बघा. हा मी धरायला हवा होता." बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढ्याशा?" पुन्हा वर खोलीत आल्यावर चाळीस मिनिटांत बाकीचं ठरलं. रकमेत फार मोठा फरक पडला नाही. फरक पडला तो बाईंच्या आवाजात.

अशी बैठक घडवायची तर तयारी लागते. समोर असा माणूस हवा ज्याला तिथल्या तिथे निर्णय घेण्याचा अधिकार आहे, आणि शक्य असेल तर फिल्म वाचणाराही हवा. नुसता विमा कंपनीचा प्रतिनिधी आणि वकील आले तर मोलभावाखेरीज काही होत नाही. आईंनी प्रथम बोलावं, लिहून आणलेलं वाचलं तरी चालेल. त्यांना मध्येच थांबवलं जाणार नाही हे मध्यस्थाकडून आधी ठरवून घ्या. पैशाखेरीज काय हवं याची वेगळी यादी करा : नेमकं काय चुकलं हे सांगणारं सहीचं पत्र, त्या काळात त्या केंद्रात वाचलेल्या इतर फिल्मची पडताळणी, कार्यपद्धतीत एक नाव घेऊन सांगता येईल असा बदल आणि सहा महिन्यांनी तो झाल्याचा लेखी अहवाल, पुढच्या उपचारांत रांगेशिवाय तपासण्या, मानसोपचार, हाताच्या सुजेसाठी फिजिओथेरपी. यातलं बरंचसं कोर्ट देऊच शकत नाही.

रकमेबद्दल सर्वांत जास्त वाद होतो तो ‘उशिरामुळे काय गेलं’ यावर, आणि हा प्रश्न कुठल्याही योजनेत सुटत नाही, न्यूझीलंडमध्येही नाही. आजार तर होताच, मग तपासणीतल्या चुकीने नेमकं किती बिघडवलं? इथे लोक आयुष्याची किती वर्षं कमी झाली या वादात शिरतात आणि तज्ज्ञांच्या आकडेमोडीत हरवतात. माझा सल्ला आहे की आधी ठोस गोष्टी मांडा. सोळा महिन्यांपूर्वी गाठ छोटी असताना फक्त गाठ काढून भागलं असतं का? काखेतल्या ग्रंथी काढाव्या लागल्या नसत्या का? केमोथेरपी टळली असती का? हात सुजणं, नोकरीतली रजा, घरी मदतीला ठेवलेली बाई, हे सगळं त्यातून निघतं. उपचार करणाऱ्या सर्जनकडून एवढंच लेखी घ्या : त्या वेळी सापडलं असतं तर मी कोणते उपचार सुचवले असते. बहुतेक सर्जन हे लिहून देतात, कारण त्यात कुणावर आरोप नसतो.

आता मुदत आणि सही. अंतर्गत तक्रार, लोकपाल किंवा मध्यस्थी सुरू असताना दावा लावण्याची कायदेशीर मुदत सहसा थांबत नाही. ती चालूच असते. मी अशी कुटुंबं पाहिली आहेत ज्यांनी अठरा महिने सौजन्याने पत्रव्यवहार केला आणि शेवटच्या पत्रात उत्तर मिळालं की आता मुदत संपली. म्हणून पहिल्याच महिन्यात वकिलाकडून एकदा तारीख काढून घ्या, चूक कळली त्या दिवसापासून मोजायची की चाचणीच्या दिवसापासून हेही विचारा, आणि बोलणी सुरू करताना ‘चर्चा चालू असेपर्यंत मुदत धरणार नाही’ असं दोन्ही बाजूंचं लेखी घ्या. समोरचा प्रामाणिक असेल तर यावर सही करायला कचरत नाही. कचरला, तर तेही तुम्हाला काही सांगून जातं. नुसतं वकिलाकडे जाणं म्हणजे कोर्टात जाणं नव्हे, हे आईंना समजावा.

सही करताना तीन ओळी शोधा. ‘संपूर्ण व अंतिम’ असं असेल तर आजार उलटल्यावर पुन्हा मागता येणार नाही. त्याजागी आजार परतल्यास ठरावीक मर्यादेत पुन्हा विचार होईल असं कलम मागा. आयर्लंडच्या बायका याच एका गोष्टीवर अडून राहिल्या आणि त्यांचं बरोबर होतं. दुसरी ओळ गुप्ततेची : रक्कम गुप्त ठेवायला हरकत नाही, काय घडलं ते सांगायचं नाही ही अट मात्र मान्य करू नका, आणि नियामक संस्थेकडे किंवा डॉक्टरांकडे बोलण्याचा हक्क तर कधीच सोडू नका. तिसरी ओळ पुढच्या उपचारांची : तडजोड झाली म्हणून त्याच संस्थेतली आईंची तपासणी थांबणार नाही.

कोर्टच योग्य ठरेल अशी वेळही येते, ते लपवणार नाही. फिल्म किंवा कागद द्यायला नकार मिळत असेल, घरात लहान मुलं असून पुढच्या अनेक वर्षांची सोय करायची असेल, किंवा एखादा नियम सगळ्यांसाठी ठरवून घ्यायचा असेल, तर कोर्टाला पर्याय नाही. आयर्लंडमध्ये रूथ मॉरिसी यांनी निकालापर्यंत लढत दिली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना २१ लाख युरो दिले आणि मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल मुळात कायम ठेवला. शंका असेल तर स्लाइड नॉर्मल म्हणून सोडायची नाही, या वाचणाऱ्यांच्याच शिस्तीवर त्या निकालात सविस्तर चर्चा झाली. मॉरिसी त्याच वर्षी जुलैमध्ये गेल्या. त्यांच्या धैर्याबद्दल मला अपार आदर आहे, आणि तुमच्या आईंनी तेच करावं असं कुणी म्हणू नये.

एक अनुकूल बदल तुम्हाला वापरता येईल. चूक आपण होऊन सांगणं हे आता काही देशांत कायद्याने बंधनकारक आहे : इंग्लंडमध्ये २०१४ पासून, आणि आयर्लंडमध्ये २०२३ चा कायदा सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला, त्यात तपासणी कार्यक्रमातल्या रुग्णाला आपल्या जुन्या चाचणीची फेरतपासणी मागण्याचा हक्कही आहे. तुमच्या ठिकाणी असा नियम असो नसो, तुम्ही त्याच भाषेत मागा. नियम नसतानाही संस्था बऱ्याचदा देतात, कारण नाही म्हणायला त्यांना कारण लिहून द्यावं लागतं.

तर या आठवड्यात एकच पत्र पाठवा, आईंच्या सहीने. मूळ डिजिटल प्रतिमा, नुसत्या छापील प्रती नव्हेत. त्याआधीच्या फेऱ्यांच्या फिल्म असतील तर त्याही. फिल्म किती जणांनी वाचली, दोघांत मतभेद झाला होता का आणि तो कुणी सोडवला याची नोंद. घरात केलेल्या फेरतपासणीचा पूर्ण अहवाल, ती एक ओळ नव्हे. आणि हे सगळं वाद मिटेपर्यंत नष्ट करू नये अशी स्पष्ट विनंती, कारण जुना साठा ठरावीक वर्षांनी काढून टाकतात. पत्रात राग लिहू नका, आरोप लिहू नका, भरपाईचा शब्दही अजून नको. पोच घ्या, तारखेची. उत्तर आलं की फिल्म कुणाकडे वाचायला द्यायच्या हे ठरवू. आणि बैठकीला आईंना यायचं नसेल तर त्यांचं म्हणणं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून आणलं तरी चालतं, मी स्वतः ते दोनदा खोलीत लावलं आहे.